एक माप सैल

ती. आईंना,

ज्ञानदाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, विहिरीवरची मोटर आणि माझ्यावरचा राग, तिघांचं कसं काय? (पहिली दोन ठीक असावीत, तिसऱ्याला उतार पडावा.) ह्यांनी पाठवलेल्या फोटोत माझे मोकळे हात बघून तुम्ही फोन ठेवलात, तो अजून उचललेला नाही. म्हणून पत्र. हे तुम्ही फाडाल, पण आधी वाचाल, याची मला खात्री आहे.

झालं असं, की आमच्या साताऱ्याच्या दवाखान्यात हात धुण्याचं प्रशिक्षण झालं. हसू नका. आम्हीही हसलो होतो. हात धुणं ते काय शिकायचं? पण पुण्याहून आलेल्या बाईंनी सगळ्यांना हाताला एक मलम चोळायला लावलं, मग साबणानं धुवायला, आणि मग हात निळ्या दिव्याखाली धरायला. जिथं मलम उरलं तिथं लख्ख उजेड. डॉक्टर ऋषिराजांची पुष्कराजाची अंगठी खालून अशी चमकली की विचारू नका (भाग्य उजळेल म्हणून घातली होती, उजळलं ते हे). आणि माझ्या बांगड्यांखाली दोन्ही मनगटांना पांढरीशुभ्र कडी. आई, आमच्या कक्षात दिवस पुरे व्हायच्या आधी आलेली बाळं असतात. माझ्या तळव्यात त्यांचं डोकं मावतं. आणि त्याच हातांना ही कडी. तेव्हापासून आत जाताना कोपराखाली काही घालायचं नाही, असा नियम झाला.

त्यावर साळूबाई मावशी बिथरल्या. (त्या कक्षाची झाडलोट करतात, आणि अख्खा कक्ष त्यांना टरकून असतो.) म्हणाल्या, “धनी जित्ता हाय माजा. मोकळ्या हातानं घरी कशी जाऊ?” तुम्ही म्हणालात तेच. त्यांचं चुकत नव्हतं. घट्ट काच रोज काढायची तर वाढवावीच लागणार (फोडणं म्हणत नाही, तुम्ही रागवाल). मग मी नाथाजी कासारांना कँटीनमध्ये बोलावलं आणि सगळ्यांना एक माप सैल भरा म्हटलं. म्हातारा रुसला. बांगडी चापून बसवण्यात हयात गेलेली, सैल भरणं म्हणजे हाताला बट्टा. समजूत घालून थकले, तेव्हा कक्षाच्या काचेतून एक बाळ दाखवलं. “एवढुसं असतंय व्हय,” म्हणाले, आणि मुकाट्यानं पेटी उघडली.

आता दाराशी खुंट्या आहेत. आत जाताना बांगड्या खुंटीवर, घरी जाताना हातात. (अदलाबदलीवरून भांडणं होतात, ती वेगळी.) तुम्ही पाहिलेला फोटो खुंटीच्या आतल्या बाजूचा. परवा फलटणचं एक बाळ चांगलं बाळसं धरून घरी गेलं. आम्ही सगळ्या रडलो, साळूबाई मावशी सगळ्यांत जास्त.

मामंजींना नमस्कार. राग गेला असेल तर फोन करा. नसेल तर रागवायला तरी करा.

तुमची सून,
ज्ञानदा

ता. क. : जयराजभाऊजींच्या लग्नात तुम्ही सगळ्यांना चुडा भरणार. तुमच्या कासारणीला माझा एक माप सैल भरायला सांगाल? आणि तेवढा वेळ जरा स्वयंपाकघरात जाऊन या, तुमच्यासमोर ती सैल भरायची नाही.

आणखी एक : लग्नात मी नाचणार नाही, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. तिसरा महिना आहे. ही बातमी तुम्हाला मीच सांगायची, असं ह्यांना बजावलं होतं. बाळ आलं की सगळ्यांत आधी तुम्ही घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. तेवढ्या तुमच्या पाटल्या, लग्नापासून निघाल्या नाहीत म्हणता ना, त्यांना आजपासून रोज थोडं तेल लावायला घ्या.