जांभळीचा वाढदिवस

केडगाव, शुक्रवार

प्रिय करण,

हे पत्र उद्या कुरिअरने येईल आणि सही करून तुलाच घ्यावं लागेल. शनिवारी तू घरी असतोस हे वहिनीला विचारून घेतलं आहे. सावेडी ते केडगाव एवढ्या अंतरासाठी कुरिअर म्हणजे वेडेपणाच, पण चार दिवसांत नऊ वेळा फोन केला, तू एकदाही उचलला नाहीस. ग्रुपवर लिहिलं असतं, तर तिथून तू मला काढलंस. 'नगरची चाकं' या एकशे बेचाळीस बसवेड्यांच्या ग्रुपमधून, वयाने सगळ्यात मोठ्या सभासदाला, सख्ख्या आत्याला, फक्त एक प्रश्न विचारला म्हणून. म्हणून कागद घेतला. कागदावर मी लिहायला लागले की मला मध्येच कोणी बाहेर काढू शकत नाही.

तुला हे वेड लागलं त्यात माझा हात आहे, हे मी कधी नाकारलं नाही. तू सहा वर्षांचा असताना आमच्या शाळेच्या सहलीबरोबर तुला राळेगणसिद्धीला नेलं होतं. मुली बंधारे बघायला गेल्या आणि तू गाडीपाशीच उभा राहिलास. मी परत आले तेव्हा म्हणालास, "आत्या, या बाजूला रिव्हेट दोनशे अकरा आहेत, पलीकडे मोजायचे राहिलेत." मी हसले नाही, तुझ्याबरोबर पलीकडचे मोजायला बसले. एकतीस वर्षं मी बसने शाळेत गेले, करण. डोळे मिटून नुसत्या हॉर्नवरून गाडी कुठली ते मला सांगता यायचं. तेव्हा बसवर प्रेम करणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

पण परवाच्या मंगळवारी तुम्ही जे केलंत त्याला मी प्रेम म्हणणार नाही. सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीचे कामगार घेऊन नागापूरला निघालेली सारोळकर बससेवेची गाडी बायपासवर पेटली. आपली जांभळी. सात वाजता ग्रुपवर पहिला फोटो आला आणि आठपर्यंत दोनशे संदेश. मी चहा बाजूला ठेवून सगळे वाचले. पुढची जाळी मूळची होती की बदललेली, यावर वीस संदेश. असं बॉडीकाम आता जिल्ह्यात कोणाकडे उरलं, यावर तीस. कोणीतरी तिच्या फोटोला हार घातला, कोणी तिच्या हॉर्नचा आवाज टाकला, कोणी लिहिलं की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय. आत एकतीस माणसं होती. ती कुठे आहेत, असं एकानेही विचारलं नाही. गाडीचं सुतक पाळणाऱ्या या शहाण्यांना गाडी माणसांसाठी असते हे कोणीतरी शाळेतच शिकवायला हवं होतं. आणि मग तुझा संदेश आला, ग्रुपप्रमुखाचा: आग इंजिनाच्या बाजूने लागलेली दिसते, चालकाचा निष्काळजीपणा स्पष्ट आहे. पाठोपाठ दुसऱ्याने बिडी शोधून काढली, तिसऱ्याने ती चालकाच्या, आपल्या फैयाजभाईच्या ओठात दिली, आणि दुपारपर्यंत तो माणूस बिडी ओढता ओढता बस जाळणारा म्हणून गावभर झाला.

बुधवारी मी हॉस्पिटलात गेले. तुमच्यापैकी कोणी गेलं होतं का, हे विचारत नाही, उत्तर तिथल्या नर्सने दिलं. तिथे भीमाबाई म्हणून कामगार बाई आहेत, उडी मारताना घोटा मोडला. मी बिडीचं विचारलं तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच ओढते. म्हणाल्या, "बिडी कुठली वढतोय, बाई? त्याला तर दमा हाय. धूर दिसला तशी गाडी कडेला घेतली, पान्यानं मागची काच फोडली अन् एकेकीला खाली ढकललं. मी न्हाई म्हनले तर मला शिवी दिली. लई वंगाळ शिवी. म्हनून जित्ती हाय." घोटा असा ठणकत असताना ती बाई त्या शिवीच्या आठवणीने हसत होती. तुमच्या दोनशे संदेशांत तिच्या त्या एका वाक्याएवढी माहिती नव्हती.

त्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की ग्रुपवरून नऊ तारखेचे सगळे फोटो गेलेत. जांभळीच्या वाढदिवसाचे. दर वर्षी नोंदणीच्या तारखेला आपण गाडीचा वाढदिवस करतो, तिला काहीतरी भेट देतो. एका वर्षी मडगार्डांवर मोर रंगवून दिले, एका वर्षी चालकाच्या खिडकीला पडदा. लोक हसतात, हसू देत. या वर्षी बारावा होता म्हणून तुम्ही छताला आतून निळ्या दिव्यांच्या पट्ट्या लावल्यात. तर मी ग्रुपवर एवढंच विचारलं की नऊ तारखेचे फोटो कुठे गेले. दोन मिनिटांत मी बाहेर. माझं इंग्रजी शिक्षण झालं असेल, पण मराठीत याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एकदा प्रयोगशाळेची काच फुटली. मॉनिटर म्हणून मी सिस्टरना सांगायला गेले, काच फुटली. सिस्टर म्हणाल्या, काच फुटत नसते, कोणीतरी फोडते, तू जा आणि त्या कोणीतरीला घेऊन ये. मी बाहेर गेले, पाच मिनिटं व्हरांड्यात उभी राहिले आणि एकटीच परत आले. त्यांनी मला शिक्षा केली नाही. "बस," म्हणाल्या. ते 'बस' मला साठ वर्षं पुरलं. परवा संपलं.

काल मी मुकुंदनगरला फैयाजभाईच्या घरी गेले. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत. त्याची बायको मुबारकबी त्याला बशीतून चहा पाजत होती आणि मी आले म्हणून तो लाजून नको म्हणत होता. सारोळकरांनी त्याला कामावरून थांबवलं आहे. येत्या गुरुवारी अकरा वाजता त्यांच्या केडगावच्या कचेरीत चौकशी आहे, आरटीओचे साहेबही येणार. निष्काळजीपणा ठरला तर नोकरी जाईल आणि लायसनही. चोपन्नाव्या वर्षी, तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाने दुसरं काय धरायचं? मी विचारलं, दिव्यांच्या वायरचं तुम्ही सांगितलं का? मुबारकबी म्हणाली, "मी रोज सांगते, सांगा. ऐकत नाहीत." मग तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मालकाला न विचारता मीच लावू दिली ना. आणि तुमचं नाव कसं घेऊ? आमच्या इन्शाला दहावीला तुम्ही घरी बसवून फिजिक्स शिकवलंत. ती आज कॉलेजला आहे." मुबारकबीने मला बिस्किटं दिली, करण. मी ती खाल्ली.

आता नऊ तारखेची दुपार. तू विसरला असशील तर मी विसरलेले नाही. दिवे लागले, सगळे टाळ्या वाजवायला लागले, पण इंजिन बंद केलं की दिवे जायचे. फोटो काढताना इंजिनाची घरघर आणि धूर कोणाला नको होता. कोणाला, तर मला. मीच म्हणाले, करण, गाडी बंद असतानाही दिवे लागायला हवेत, सरळ बॅटरीवरून घे. तू वायर बॅटरीच्या पेटीतून काढलीस, चालकाशेजारच्या इंजिनाच्या झाकणाला लगटून वर नेलीस आणि चिकटपट्टीने बांधलीस. फैयाजभाई शेजारीच उभा होता. अगदी हळू म्हणाला, "मॅडम, मध्ये एक फ्यूज टाकू या का? तारेला ताप झाला तर तो आधी जळेल, गाडी वाचेल." आणि मी, चारचौघांत, हातात केकची सुरी घेऊन, त्याला म्हणाले, "फैयाजभाई, तुम्ही गाडी चालवा. फिजिक्स मी एकतीस वर्षं शिकवलंय." सगळे हसले. तूही हसलास. तोही हसला, आमचा मान राखायला. वर्षानुवर्षं नववीच्या मुलींना मी फळ्यावर फ्यूज काढून दाखवला आहे. घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक नोकर, असं म्हणायचे. मुलींना ते वाक्य आवडायचं.

आग त्याच वायरने लागली का, ते मला माहीत नाही. ते शोधणं आरटीओचं काम. पण तिथे अशी वायर होती हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि ती कुठून कशी नेली हे ज्या तिघांना नीट ठाऊक आहे त्यांतला एक माझ्यासाठी गप्प आहे, एक स्वतःसाठी, आणि तिसरी आत्तापर्यंत इथे दुसऱ्यांना माणुसकी शिकवत होती. या सगळ्या पत्रात मी तुला जे बोलले ते मागे घेत नाही, त्यातला एक शब्दही नाही. फक्त ते बोलायला मी कुठल्या तोंडाने बसले, हे तुला कळावं म्हणून हा परिच्छेद.

फोटो तू पुसलेस, पण माझ्यासारखी म्हातारी फोटो कागदावर काढून घेते. दहा तारखेलाच स्टुडिओतून आणला होता. निळा उजेड, तुझ्या हातात पक्कड, मध्ये मी, जणू बसचा शोध मीच लावला, आणि कडेला फैयाजभाई, हात मागे बांधून, नजर आपल्या दोघांकडे नाही, वायरकडे. काल मुकुंदनगरहून आल्यावर मी चौकशीसाठी जबाब लिहून काढला. वायर कोणी मागितली, फ्यूज कोणी सुचवला आणि त्याला कोणी गप्प केलं, एवढंच लिहिलं आहे. सोबत फोटो आहे, तो मी कापलेला नाही. वायर कोणी जोडली ती ओळ मात्र रिकामी ठेवली आहे. गुरुवारी साडेदहाला मी सारोळकरांच्या फाटकापाशी उभी असेन. सिस्टरनी मला व्हरांड्यात पाच मिनिटं दिली होती, मी तुला पाच दिवस देते आहे. आलास तर ती ओळ तुझ्या अक्षरात लिही. नाही आलास तर अकराला ती मी भरेन, आणि मग आत जाईन. येताना पेन आण, माझं हल्ली मध्येच थांबतं.

तुझीच,
सुकन्याआत्या