आधी बोटं बघा

तीर्थरूप बाबांना, लांबून पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. प्रयोगशाळेतली आमची माकडीण ठमाकाकू हल्ली माझ्यावर रुसत नाही.

काल तिला शेंगदाणा दाखवून दिवा मालवला. खूण होईपर्यंत थांबायचं, हे ती शिकली आहे. हात मांडीवर गप्प, पण तिच्या मेंदूतल्या पेशींचे संकेत ऐकवणाऱ्या स्पीकरमधून तडतड चालूच. चिमटीत धरायचं की मुठीत, हे हात हलायच्या आधीच ठरत असतं.

ते ऐकताना मला आईचा उजवा हात आठवत होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो नुसता सरकतो, धरत काही नाही, असं तुम्ही लिहिता. पण बाबा, तुम्ही कप थेट तिच्या मुठीत कोंबता! माया समजते हो, पण हाताला काय जमतं ते कळणार कसं?

उद्या कप तिच्यासमोर ठेवा आणि स्वतः हाताची घडी घालून बसा. ती चिडेल, चिडू द्या. हात कपापाशी पोचायच्या आधी तिची बोटं जराशी तरी उघडतात का, तेवढं बघा.

उघडली, तर धरायचं कसं हे तिचा मेंदू अजून ठरवतोय; लगेच फोन करा.

नाही उघडली तरी करा. फक्त 'सगळं ठीक आहे' म्हणू नका.

तुमचीच,
हट्टी धाकटी