आईचं कार्ड

५ जानेवारी, सोमवार
सईला थेरपीला नेलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आता तिच्या चित्रांच्या वहीत माणसांची कार्डं घालू. आजवर वस्तूच आहेत. बिस्किट, पाणी, झोका, बादली. सई कार्ड ओढून काढते, समोरच्याच्या हातात ठेवते, आणि समोरच्याने ती वस्तू लगेच द्यायची. "आधी नाव घे बघू" वगैरे लाडिकपणा नाही. कार्ड दिलं म्हणजे ती बोलली. साडेचार वर्षांची माझी लेक अशी चौकोनी चौकोनी बोलते.

"सगळ्यात आधी आईचं करा. तुम्ही दोन फेब्रुवारीला ऑफिस जॉइन करताय ना? तिला तुम्हाला मागता आलं पाहिजे."

मागता! सईने मला कधी मागितलेलंच नाही. मी असले तर असते, नसले तर नसते. मनगट धरून फ्रिजपाशी नेते, फ्रिज उघडला की मनगट सोडून देते. निलेशला म्हटलं, आपल्या लेकीला मी कोण ते माहीत तरी आहे का रे? तर म्हणे, "काहीही काय बोलतेस." त्याला सोपं आहे. सकाळी आठला बाहेर पडतो तो.

८ जाने., गुरु.
दुपारी आम्ही दोघीच. गॅलरीत बादली भरून ठेवली की ऊन पाण्यावर पडतं आणि छतावर उजेड हलत राहतो. सई फरशीवर उताणी पडून तो बघते. मीपण आडवी झाले शेजारी. ती एकच सूर धरते, ऊं-ऊं, फार वेळ. आधी डोकं उठायचं माझं. आज उठलं नाही. खालून भंगारवाला ओरडत गेला, कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी मिक्सर, सगळं तिच्या सुरात विरघळून गेलं. किती वाजले कळेना. उठले तर चार. कपडे भिजवलेले तसेच.

शेजारच्या भाभींनी लिफ्टमध्ये विचारलं, "अभी भी नहीं बोलती?" म्हटलं, नहीं, अभी सुन रही है. घरी येऊन स्वतःवरच खूश.

१४ जाने., बुध.
संक्रांत. बिल्डिंगमधलं हळदीकुंकू. काळी साडी, नथ, मोत्यांच्या कुड्या, केसांत गजरा. निलेश म्हणाला, आजच काढू की कार्डाचा फोटो, एवढी नटली आहेस. मलाही पटलं. आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे माणूस आधी तोंड धुऊन पावडर लावतो. घरातल्या अवतारात कोण काढतं? खिडकीपाशी उभी राहिले, तोंड अर्धं हसरं. छान आला. खरं सांगायचं तर फारच छान आला.

१७ जाने., शनि.
झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं, मागे वेल्क्रो लावला. पहिल्या पानावर चिकटवलं. वाट बघत बसले. सईने काढलं. माझ्याकडे आलीच नाही. सरळ कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी गेली आणि लक्ष्मी आणि एकवीरेच्या मध्ये मला उभं करून ठेवलं. नीट, सरळ रेषेत. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. नथ, काठ, गजरा. तिच्या हिशेबाने बरोबरच आहे.

आबा, म्हणजे सासरे, खारी गावाहून आले होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. "देवी झालीस गो! आता नारल फोडूया." मीपण हसले. मग चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. देव्हाऱ्यात ठेवलं, पण आईच्या जागी नाही.

कार्ड काढून आणलं. तिने परत नेऊन ठेवलं. तीनदा. राहू दे म्हटलं. उदबत्ती लावताना माझ्यासमोरही फिरवून घेतली, आता काय!

१९ जाने., सोम.
मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "ती रोज ज्या आईला बघते, तिचा काढा." म्हणजे गाऊन, क्लचर, तेलकट तोंड. काढला. जिवावर आलं, पण काढला. सई त्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही. निदान देवी तरी होते.

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात सई बोलत होती. तेही आबांसारखं. "आये, ऊठ गो, दूध उतू जातंय." एवढंच. अगदी रोजचं. मी स्वप्नात काही नवल न करता उठून गॅस बंद केला. जागी झाले तर ती खिडकीशी डबीचं झाकण फिरवत बसलेली. झाकण फिरतं, थांबतं, फिरतं. तिच्याकडे बघत पडून राहिले. स्वप्नातली सई आणि ही सई यांच्यात फारसं अंतर वाटेना. काय मागते मी, दूध उतू जातंय एवढंच तर.

२२ जाने., गुरु.
आबा रोज येतायत आता, सवय व्हावी म्हणून. दोन तारखेपासून दिवसभर तेच असणार. घरातलं दुसरं कुणी नाही, सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. खुर्चीत बसून गप्प सईकडे बघत राहतात. मी मनातून वैतागते, काहीतरी खेळा की हो तिच्याशी. आज म्हणाले,

"ती तोंडाकडं बगतच न्हाय."

म्हटलं, आबा, ते मला डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलंय.

"तसं न्हाय गो. हातांकडं बगतंय. तुज्या हाताकडं. मी हात पुडं केला का मागं सरतंय, तू केलास का धरतंय."

मग सांगत बसले. तरुणपणी मिठागरात कामाला होते. पांढऱ्याफेक मिठावर ऊन असं यायचं की सगळे डोक्यातोंडाला फडकं गुंडाळून. दिवसभर कुणाचं तोंड दिसायचं नाही. तरी लांबून कळायचं, फावडं ओढतोय तो कोण. हातावरून. "आमी बी असंच वलकायचो. त्याला कुनी आजार न्हाय म्हनलं."

इतकी वर्षं हा माणूस गप्प बसतो म्हणून मी चिडत होते. तो बघत होता.

२४ जाने., शनि.
हाताचा फोटो. उजवा. पिठाचा, नखात हळद, दोन हिरव्या बांगड्या, अंगठ्याशी कुकरचा जुना चटका. मी क्रीम लावायला निघाले तर निलेश ओरडला, "आता पुन्हा नटू नकोस!"

झेरॉक्सवाला फोटो उलटसुलट करून बघत राहिला. "मॅडम, सिर्फ हाथ? चेहरा कट गया है." म्हटलं, इतनाही चाहिए.

कार्ड हातात आलं आणि कसंनुसं झालं. नऊ महिने पोटात, साडेचार वर्षं कडेवर, आणि लेकीच्या लेखी मी म्हणजे मनगटापासून बोटांपर्यंत. निलेशला बोलले तसं. तो म्हणाला, "माझं तर अजून काहीच नाही तिच्याकडे." हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं.

२५ जाने., रवि.
हे कार्ड देव्हाऱ्यात गेलं नाही. सईने काढलं, उन्हात धरलं, चटक्याच्या जागेवर बोट फिरवलं. मग माझा हात ओढून घेतला आणि खऱ्या चटक्यावर फिरवलं. कार्ड, हात, कार्ड, हात. किती वेळ. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. कुणी बेल वाजवली असती तर दार उघडलं नसतं.

मागितलं मात्र नाही.

२९ जाने., गुरु.
सराव. मी आतल्या खोलीत लपते, वही आबांच्या मांडीवर. तिने कार्ड दिलं की मी यायचं. चार दिवस झाले, अर्धा अर्धा तास दाराआड उभी. बाहेर फक्त ऊं-ऊं, आणि आबांचा खोकला. देतच नाही. मॅडमना फोन केला. "अहो, तिला ठाऊक आहे तुम्ही घरात आहात. घरात असलेल्या माणसाला कोण मागतं?"

दाराआड उभं राहून एक मात्र झालं. तिचा सूर एकच नाही. मी जवळ असले की थोडा खाली असतो. की मला आपलं वाटतंय? वाटू दे.

१ फेब्रु., रवि.
डबा, ओळखपत्र, इस्त्री. कामावर परत जाणार याचा आनंद होतोय आणि त्या आनंदाची लाज. चार वर्षांनी कुणीतरी मला नावाने हाक मारणार.

संध्याकाळी तिघं खाडीच्या बाजूला गेलो. मिठागरांच्या चौकोनांत आभाळ उतरलेलं, गुलाबी, बगळे त्यावर चालत होते. सई निलेशच्या खांद्यावर. कुणीच बोललं नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय सगळ्यांनाच लागलीये, आणि कधी कधी ते फार बरं असतं.

२ फेब्रु., सोम.
ऑफिस. नवं सॉफ्टवेअर, नव्या मुली, सगळ्या मला मॅम म्हणतात. साडेतीनला आबांचा फोन. मला वाटलं, सई पडली.

"तिनी दिलं गो. हाताचं कार्ड. माज्या हातात ठेवलंन."

मी खुर्चीतून उठलेच. आबा, खरंच?

"खरंच म्हनतंय ना. पन मी आता काय देऊ? तू कुटं हाईस इथं? मी कार्ड परत लावलं, तिनं परत दिलं. नऊ वेला झालं. बिस्किट दिलं तर फेकलंन. आता दाराशी बसलंय."

मीटिंग रूममध्ये जाऊन दार लावलं. हसत होते की रडत होते, माहीत नाही. माझ्या लेकीने मला मागितलं आणि मी नव्हते.

पोचले तेव्हा सहा वीस. दाराशीच होती, भिंतीला टेकून झोपलेली. कार्ड मुठीत. त्याच्या कोपऱ्याचा वळ गालावर उठलेला.

मॅडम फोनवर: "फार छान! पण तुम्ही घरी नसाल तेव्हा ते कार्ड वहीतून काढून ठेवायचं हं. मागून मिळत नाही असं व्हायला लागलं तर ती मागणंच सोडेल."

निलेश म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. आबा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "मागू दे तिला. मी बसन तिच्यासंगं दाराशी. एक सबूद आला तिला, त्यो बी काडून घेता?"

दोघांचंही पटतं. हीच तर पंचाईत.

३ फेब्रु., मंगळ.
७.४०. चप्पल पायात, पर्स खांद्याला. आबा आलेत, पाणी पितायत. काल रात्रीच ठरवलं होतं, मॅडमचं ऐकायचं. सई खिडकीत होती, पाठमोरी. वही उघडली आणि कार्ड ओढलं. वेल्क्रोचा चर्र आवाज झाला.

हाक मारली तर कधी न वळणारी मुलगी वळली. आली. माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, आणि माझ्याच तळव्यावर ठेवलं. वर आपला हात दाबून धरला. बघतेय खिडकीकडेच.

म्हटलं, अगं, मी इथेच आहे. हात उचलत नाही. डाव्या हातावर तिचा हात आहे, उजवा मोकळा, म्हणून हे लिहिता येतंय. रिक्षावाला खाली दोनदा हॉर्न देऊन झाला. आबा विचारतायत, "त्याला थांबायला सांगू की जायला?"