हातोड्याला पुरून उरणारी फळी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठणठणीत आहे. चार वर्षांत तुझे फोन आले ते आईलाच, आणि मी शेजारच्या खोलीत कान टवकारून बसण्यापलीकडे काही केलं नाही. तू पुन्हा कधी माझ्याशी बोलशील का, हा घोर मात्र रोज असतो. फोनवर माझी गाडी अडते, म्हणून लिहितोय.

मागच्या खोलीत कामाचं नवं टेबल करायला घेतलंय. निवृत्त फिटरला दुसरं काय सुचणार! सांगाडा झाला, घोडं अडलं ते वरच्या फळीपाशी. वर्षानुवर्षं टिकेल असं काय घालावं? तुझा बाप ऐकीव गोष्टींवर विसंबणारा नव्हे. दुकानांतून तुकडे मागून आणले आणि अंगणात त्यांची परीक्षाच मांडली. प्रत्येकावर कमरेच्या उंचीवरून हातोडा टाकला, तेल ओतलं, ओलं फडकं ठेवलं, तापलेली कढई ठेवली. कढई आईची, त्यामुळे तिने माझ्यापुढे हात टेकले. भुसा दाबून केलेली फळी भिजलेल्या पावासारखी फुगली. प्लायवूडच्या कडेचे पापुद्रे सुटले, ग्रॅनाइटचा टवका उडाला, लॅमिनेटवर कढईचा गोल कायमचा उठला. सागवानाला खड्डा पडला, पण रंधा फिरवल्यावर फळी पुन्हा नवी. पोलादी पत्र्याला मात्र काही म्हणजे काही झालं नाही. मी खूश होऊन तोच ठोकून टाकला.

मग सहज म्हणून आईचं मनगटी घड्याळ त्यावर उघडलं. (सहज कसलं, पण ते पुढे सांगतो.) तिळाहून लहान स्क्रू चिमट्यातून निसटला, पत्र्यावर टणकन उडाला आणि गेला तो गेलाच. सारी दुपार मी गुडघ्यांवर रांगत होतो. आई म्हणाली, चालतं घड्याळ बंद पाडायला एवढं मोठं टेबल लागत नाही.

रांगता रांगता तू आठवलीस. माझ्या जुन्या टेबलाचा एक कोपरा तू घड्याळं दुरुस्त करायला मागितला होतास. चार कारागिरांसमोर मी म्हणालो, इथे हातोडा चालतो, भातुकली नाही, आणि तुझा ट्रे बाजूला सारताना उलटा केला. तू एकेक स्क्रू वेचलास. सगळे सापडले होते का गं? हे मी तुला कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे जाऊन तासभर नुसता बघत उभा राहिलो. त्याने हाकललं नाही, उलट स्टूल दिलं. तुमच्या घड्याळांच्या कामाला मार सोसणारं नव्हे, पडलेलं झेलणारं टेबल लागतं, हे मला या वयात कळलं. घरी येऊन पत्रा उपटला. आता जाड सागवानी फळी बसवलीय, वर फिकट हिरवी मऊ चटई आणि तीन कडांना बोटभर उंच पट्टी. चटई झिजली की बदलायची. फळी माझ्यामागेही राहील.

तू काम करतेस ते दुकान बंद होतंय आणि तू हे कामच सोडायचं म्हणतेस, असं आईकडून कळलं. म्हणून हा खटाटोप. टेबल तुझं आहे, खोलीही तुझी. मी चुकलो, पोरी. चारचौघांत चुकलो, तेव्हा त्या चौघांना बोलावून हे पुन्हा सांगायचीही माझी तयारी आहे. फक्त एक अडलंय. घड्याळजी म्हणतो, खांदे न उचलता दोन्ही कोपर टेबलावर टेकले पाहिजेत, आणि ती उंची ज्याची त्याची वेगळी. मला तुझी ठाऊक नाही. टेबलाचे पाय लांबच ठेवलेत, अजून कापलेले नाहीत. आकडा लिहून पाठवलास तरी चालेल. पण तू खुर्चीत बसलीस आणि मला टेप धरू दिलास, तर एकदाच कापेन आणि बरोबर कापेन.

तुझाच,
बाबा