कोऱ्या रकान्याखालची सही

ता. ३

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझा नगरपालिकेच्या उमेदवारीचा अर्ज मिळाला. सूचक म्हणून मी खाली सही करायची आणि वरचं सगळं तू नंतर भरणार, हे चिठ्ठीत लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही? पूर्वी झालेल्या शिक्षेचा रकाना तर पांढरा फटक.

अरे, लिफ्ट तपासायच्या नोकरीत असताना त्या इमारतीतल्या लिफ्टच्या तपासणी कार्डावर बारा महिन्यांच्या सह्या तू एकाच दिवशी ठोकल्या होत्यास. आठव्या महिन्यात दोर तुटला आणि चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा पाय गेला. त्यापायी तुरुंगात गेलास. आता मलाही तेच करायला सांगतोस, न बघता सही.

लोभ आहे, पण सध्या राग वरचढ आहे.
तुझी ताई

ता. ६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. अठरा महिने आत काढले, ताई. दर महिन्याला तूच भेटायला येत होतीस. शिक्षा भोगलेल्याला कायदा उभं राहू देतो, मग घरच्यांनीच जन्मभर नाक मुरडायचं? समोरचा उमेदवार काय धुतल्या तांदळासारखा आहे? तो पकडला गेला नाही, एवढंच. नगरपालिकेच्या दवाखान्यातली लिफ्ट वर्षभर बंद आहे, आजारी माणसं खुर्चीत बसवून वर न्यावी लागतात. त्या सभागृहात एकाला तरी लिफ्टमधलं ओ की ठो कळतं का? मला कळतं.

रकान्याचं म्हणशील तर आधी तुझी सही होऊ दे, मग बघू. पंधरा तारखेला मुदत संपते. सख्खी बहीणच नाही म्हणाली तर दुसरं कोण सही देणार? सगळं मुसळ केरात जाईल.

लोभाइतकाच भरवसाही असावा.
तुझा खटपट्या

ता. ९

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

समोरचा चोर म्हणून आपण साव ठरत नाही. उभं राहायचा तुझा हक्क मला मान्य आहे. तू भोगलंस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण 'मग बघू' हे तुझं जुनंच दुखणं आहे, आणि त्यातच त्या बाईंचा पाय गेला.

काल अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या अजून कुबडी घेऊन जिन्यानेच चढतात. चष्मा लावून त्यांनी अर्ज सगळा वाचला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की माझं नाव लिहायची याला लाज वाटली का. मी त्यांचंच पेन मागितलं आणि तिथेच बसून रकाना भरला: गुन्हा, तारीख, अठरा महिने, त्यांचं नाव. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मगच सही केली.

अर्ज त्यांच्याकडेच ठेवून आले आहे. मुदतीच्या आत जाऊन माग. लिफ्ट आता नवी बसवली आहे, पण तू जिन्याने चढ. आणि सही मिळाली म्हणजे मत मिळालं असं समजू नकोस. माझं मत मी शिंपीणबाईंना विचारून देणार आहे.

लोभ आहेच, त्याला निवडून यावं लागत नाही.
तुझी ताई