चौथ्या टाकीचा जबाब

प्रिय छोट्या,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. पोस्टातल्या कारकुनाचंही नाही. ते माझं आहे. दोन वर्षं झाली, मला लिहिता-वाचता येतं. तुला कळवलं नाही, कारण माझ्या हातचं पहिलं पत्र लांबलचक, आनंदाचं आणि एकही खाडाखोड नसलेलं पाठवायचं मनात होतं. खाडाखोड तर आताच दोनदा झाली. आनंदाचं म्हणशील तर पुढे वाच आणि तूच ठरव. हाताखाली चाळीस माणसं असलेल्या अधिकाऱ्याला आईने छोट्या म्हणावं का, हाही प्रश्न मनात आला होता. दुसरं काही सुचलं नाही.

शिकले ती लाँड्रीतच. कपड्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या असतात, कुठल्या तुकडीचे, किती नग. आधी त्या वाचता यायला लागल्या. मग तुझ्या शाळेच्या बाई घाईघाईने जहाजात बसून निघून गेल्या तेव्हा त्यांची पुस्तकांची पेटी चादरींच्या ढिगाबरोबर आमच्याकडे आली आणि परत मागायला कोणी आलंच नाही. इस्त्री तापेपर्यंत मी एकेक ओळ वाचायचे. अडलं की खालच्या मजल्यावरची मावशी सांगायची. ती शेजारच्या टेबलावर घड्या घालते, अजूनही. एकेका शब्दावर मी इतका वेळ काढायचे की ती म्हणायची, "अगं, शब्द आहे तो, डाग नाही, इतका घासू नकोस." पेटीतली सगळी पुस्तकं वाचून झाली आहेत. काही दोनदा. एक मात्र अर्ध्यावर सोडलं. त्यात सीमेवरच्या शूर लोकांबद्दल इतकं गोड लिहिलं होतं की जीभ चिकट झाल्यासारखी वाटली.

कारण सीमेवर राहतो ते आम्ही. तू तिकडे राजधानीत नकाशात पाहतोस तो ठिपका, आपला हा म्हातारा लाल तारा, त्याच्याभोवती बर्फाचे दोन गोळे आणि मोठ्या गोळ्याला घिरट्या घालणारी आपली वस्ती. पुढे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला पाणी इथेच भरावं लागतं, म्हणून दोन्ही राज्यांना हा तारा हवा. तू गेल्यानंतर आणखी एकदा ताबा बदलला, म्हणजे माझ्या आयुष्यात नऊ वेळा. आधी घड्याळं बदलतात, मग मार्गिकांची नावं, मग शाळेतला पहिला धडा. आमच्याकडे शर्टांचे ढीग येतात. जुने बिल्ले उसवायचे, नवे शिवायचे. माणसं बहुतेक तीच असतात, वस्तीतलीच, पहारा द्यायचं काम करणारी. कॉलरचा मळ तोच, काखेतला वास तोच, खिशातली तंबाखूची भुकटी तीच. मी बिल्ला उसवते तेव्हा त्याखालचं कापड स्वच्छ, नवंकोरं निघतं. तेवढ्याच चौकोनाची मला शिसारी येते. बाकीचा मळ निदान अंगमेहनतीचा असतो.

तुझ्या बाबांना यातल्या कशाचंच काही वाटायचं नाही. कोणी विचारलं, आता कोणाचं राज्य, तर म्हणायचे, "टाकी कोणाचीही असो, गाळ माझाच." पाण्याच्या टाक्या साफ करून घरी यायचे तेव्हा ओल्या धातूचा वास यायचा. जेवताना एक घास किती वेळ चावायचे, तुला आठवत असेल. तू वैतागून म्हणायचास, बाबा, गिळा आता. परवा मी एकटीच जेवत होते आणि माझ्या लक्षात आलं, मीही तशीच चावायला लागले आहे. एवढंच. रडायला वगैरे आलं नाही. ते जाऊन चार वर्षं झाली, आता असं मधूनमधून शेजारी येऊन बसल्यासारखं होतं आणि जातं.

त्यांचा पुतळा उभारलाय, हे तुला माहीत आहेच. पाण्याच्या चौकात. छाती अशी की त्यांचे दोन सदरे एकत्र शिवले तरी पुरणार नाहीत. मूठ वळलेली, हनुवटी वर, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. टाकीत बूट घालून उतरलं तर आतला लेप खरवडला जातो, म्हणून सफाईवाले अनवाणी उतरतात, हे या वस्तीतल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. अनावरणाच्या दिवशी भाषण करणारे गृहस्थ खिशातला रुमाल नाकाशी धरून उभे होते, कारण मागच्या नळातून गाळ येत होता. तो गाळ काढणारा माणूस गेल्यापासून येतोय. मी रोज त्या पुतळ्यासमोरून मान खाली घालून जाते. लोकांना वाटतं, दुःखाने.

तुझं पत्र मागच्या जहाजाने आलं. कारकून म्हणाला, "काकू, वाचून दाखवू का?" मी नको म्हटलं आणि पाण्याच्या पंपामागे उभी राहून स्वतः वाचलं. चारच ओळी होत्या. चौकशी मंडळ येतंय, बाबांच्या मृत्यूबद्दल तुझा जबाब वाचून दाखवतील आणि हा तुझाच का म्हणून विचारतील. तू फक्त हो म्हण. बाकीचं मी पाहून घेतो. बाबांसाठी एवढं कर. मी ते पत्र तीनदा वाचलं, कारण मी कोणालाही, कसलाही जबाब दिलेला नव्हता. वाटलं, माझंच वाचायचं चुकतंय.

जबाबात काय आहे, ते मंडळ येण्याआधीच वस्तीभर झालं होतं. पलीकडच्या राज्याच्या जहाजांनी तोफगोळा टाकला, चौथी टाकी फुटली आणि तुझे बाबा त्यात गेले. टाकी नेमकी कुठे आहे हे खालच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडकीत दिवे हलवून दाखवलं. हे मी, त्यांच्या बायकोने, डोळ्यांनी पाहिलं. मंडळाने हे एकदा खरं मानलं, की लगेच खालच्या मजल्यावरची शहाऐंशी कुटुंबं जहाजात घालून पलीकडे पाठवायची. त्यांचे पणजोबा पलीकडून आले होते एवढाच त्यांचा पलीकडशी संबंध. मावशीने तर दुसरा तारा जवळून कधी पाहिलेलाही नाही. तुला गोवर आला होता तेव्हा मी कामावर आणि बाबा टाकीत होते. नऊ दिवस तुझ्या उशाशी बसलेली ही बाई. तिच्या खिडकीत दिवा आहे, एकच, आणि तो हलवायला गेलं तर विझतो.

खरं काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आजवर ते कागदावर कुठेच नाही. टाकीत उतरण्याआधी सफाईवाला आपल्या नावाची पाटी झाकणाशेजारच्या हुकाला अडकवतो. पाटी लटकत असेल तोवर झाकणाला कुलूप घालायचं नाही. इतक्या राजवटी आल्या-गेल्या, हा एक नियम कोणी बदलला नव्हता. त्या दिवशी पलीकडची जहाजं बर्फाच्या गोळ्याआडून दिसली आणि आपल्या कमांडरने हुकूम दिला, टाक्या कुलूपबंद करा, त्यांतली हवा शिपायांच्या मजल्यावर ओढून घ्या. चौथ्या टाकीवरच्या पहारेकऱ्याने पाटी पाहिली. आत माणूस आहे असं वर कळवलं. वरून उत्तर आलं, तुला ऐकू आलं नाही का. त्याने कुलूप घातलं. जहाजं एकही गोळा न टाकता दुपारपर्यंत परत गेली. तीन महिन्यांनी तो पहारेकरी मळका शर्ट घेऊन लाँड्रीत आला आणि शर्ट न देता नुसताच उभा राहिला. म्हणाला, काकू, ते आतून ठोकत होते. मी विचारलं, किती वेळ. त्याने सांगितलं. ते मी तुला लिहिणार नाही.

तू सुटीवर आलास तेव्हा हे सगळं मी तुला आपल्या खोलीत बसून सांगितलं.  तू म्हणालास, "आई, हे कुणाला बोलू नकोस. माझी नेमणूक व्हायची आहे." मी बोलले नाही. तुला नुसता दोष देत नाही, हे लक्षात घे. चार वर्षं मी त्यांचेच शर्ट धुतले, त्यांचेच बिल्ले शिवले आणि पुतळ्याच्या अनावरणाला पहिल्या रांगेत बसले. मंडळासमोर बोलावणं आलं त्या सकाळी आरशात पाहिलं आणि तोंड पुन्हा धुतलं. हा तोंडाचा मळ साबणाने जाणारा नव्हता.

मंडळ शाळेच्या मोठ्या वर्गात बसलं होतं. तिघंजण, दोघं एकेका राज्याचे आणि मधल्या बाई दोघांनी मिळून नेमलेल्या. डावीकडच्याने बसण्याआधी खुर्ची पुसली, उजवीकडचा अत्तर लावून आला होता, आणि दोघं एकमेकांशी इतकं हसून बोलत होते की यांचं भांडण नक्की कशाचं आहे असा प्रश्न पडावा. मागच्या बाकांवर खालच्या मजल्यावरची माणसं. मावशी कडेला, कामावरचा एप्रन तसाच. मधल्या बाईंनी जबाब वाचायला घेतला. त्यांना सांगितलेलं होतं की मला सहीपुरतंच येतं. पहिलंच वाक्य होतं, माझ्या पतींनी मातृभूमीसाठी अखेरचा श्वास घेतला. छोट्या, मी तुझ्या बाबांना उभ्या जन्मात पती म्हटलं नाही. आणि मातृभूमी कुठली ते तरी लिहायचं होतंस, नवापैकी.

बाई वाचून थांबल्या तेव्हा मी म्हटलं, कागद माझ्या हातात द्या. अत्तरवाला म्हणाला, "कशाला त्रास घेता, ताई, वाचलाय ना आम्ही." मधल्या बाईंनी दिला. मी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचत गेले आणि खाली पोचले. तिथे माझं नाव होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून सगळ्या नावाखालून नेलेली. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा प्रगतिपुस्तकावर माझी सही तूच करायचास, कारण मला येत नव्हती. मोठ्या माणसांच्या सहीला शेपटी असतेच, असं तू मला ठासून सांगितलं होतंस. बाबा हसले होते. मला तेव्हा इतकं कौतुक वाटलं होतं की ते पुस्तक मी शेजारणींना दाखवत फिरले होते. वर्गात कुठेतरी पंखा फिरत होता. मी कागद पालथा करून टेबलावर ठेवला.

 तू समोर असतास आणि विचारलं असतंस, आई, माझ्यासाठी खोटं बोलशील का, तर काय केलं असतं मी? नाही म्हटलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. आई म्हणून मी बरंच काही गिळलंय. पण तू विचारलंच नाहीस. तू धरून चाललास की माझ्या जागी तू बोलशील, तू सही करशील आणि मी तिथे बसून मान हलवेन, पिशवीवरच्या चिठ्ठीसारखी. तुझ्या बाबांना एका हुकुमाने मारलं. मग तू त्यांना कागदावर पुन्हा मारलंस, दुसऱ्याच्या गोळ्याने, चांगल्या भाषेत. कमांडरची मला घृणा वाटते, ती सोपी आहे, त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. तुझी येते तेव्हा तुझं गोवर आलेलं तोंड डोळ्यांपुढे असतं. ही घृणा सोपी नाही, आणि ती घेऊनच मला रोज उठायचं आहे.

मधल्या बाईंनी विचारलं, ही सही तुमची आहे का? मी म्हटलं, नाही. मग हुकाला अडकवलेल्या पाटीपासून सगळं सांगितलं. तो पहारेकरी मागे दाराशी उभा होता. त्याने न विचारताच हो, असंच झालं म्हटलं आणि खाली बसला. मग त्यांनी विचारलं, सही तुमची नाही तर कोणाची, ओळखता का? मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. मंडळ अजून इथेच आहे. त्यांचा माणूस तुझ्याकडे पोचायला वीसेक दिवस लागतील, आणि पाण्याचं जहाज हे पत्र घेऊन आज निघतंय. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. ते विचारतील तेव्हा खरं सांग. नोकरी जाईल, शिक्षाही होईल. शिक्षा संपली की इथे ये, खोली आहे. आईचं वय झालंय, तिला आठवत नाही, असं सांगायचीही सोय तुला आहे. आणि ते लगेच मानतील, दोन्ही राज्यांना हे प्रकरण तसंच मिटवायचं आहे. मग खालचा मजला रिकामा करतील. तसं झालं तर पहिल्या जहाजात शहाऐंशी कुटुंबांबरोबर मीही असेन. मावशीला तसं सांगून ठेवलं आहे.

जिथे असेन तिथून तुझीच,
आई