मोरी, बदकं आणि सोळा बहमन

कार्तिक वद्य ५
पुन्हा बांधातली मोरी उघडी! सकाळी पाहतो तर तळ्याचं पाणी उतरलेलं आणि दगडाबाई बांधावर मिश्री लावत बसलेली. विचारलं, कोणी उघडली? म्हणाली, "पान्यानं सोताच उघडली आसंल." पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि त्या गाळात ही बाई हरभरा पेरते. आजेसासऱ्यापासूनचा हक्क म्हणे. मी तळ्याचा दारोगा. जहागीरदार साहेबांचा हुकूम आहे — पाणी शेवटच्या बाभळीला टेकलेलं हवं, बदकं भरपूर उतरायला हवीत, हिवाळ्यात शिकार व्हायला हवी. नाही झाली तर दारोगी गेली. मग मी परत पैठणला, मेव्हण्याच्या दुकानात सुपाऱ्या कातरायला. त्यापेक्षा तळ्यात उडी बरी.
मोरीला कुलूप घातलं.

कार्तिक वद्य ९
शहादेव आणि चार गडी लावून शेवाळ काढलं. पाणकणीस मधूनमधूनच कापायचं, सगळं नाही — बदकांना आडोसा लागतो. मध्ये चिखलाचे उंचवटे केले, पाखरांना बसायला. पहिला रातोरात विरघळला. दुसऱ्यावर दुपारी शहादेव घोरत होता. "पाखरू बसंल का न्हाई ते बघत व्हतो, दारोगासाब."

मार्गशीर्ष शुद्ध २
आली! थव्यामागून थवे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं — पाणी दिसेना. बांधावर एकटाच नाचलो. एकटाच आहे असं वाटत होतं. मागे दगडाबाई होती. आता गावभर झालं असणार.

मार्गशीर्ष शुद्ध ८
मोमिनाबादहून साहेबांचा स्वार आला. शिकार सोळा बहमनला, म्हणजे निजामाच्या सरकारी सालातल्या तारखेला, नक्की. बरोबर दोन पाहुणे. "बत्तखें कम निकलीं तो देख लेना." हो म्हटलं. दिवस मोजले, पुरेसे आहेत. सुभद्रा म्हणाली, अहो, पंचांग तरी पाहा. म्हटलं, साहेब काय मुहूर्त बघून बार काढणार आहेत? बायकांचं आपलं काहीतरीच.

मार्गशीर्ष वद्य ७
माझं राखलेलं पाणकणीस चोरीला जातंय! आज गावातल्या भिवराबाईला डोक्यावरच्या भाऱ्यासकट धरलं. का कापलं? तर, "खोपीला. येळवस आली न्हाई का?" ही येळवस म्हणजे इकडची शेतातली पूजा. खोप उभारायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, नैवेद्य दाखवायचा. अमावास्येला असते. आमच्या पैठणकडे नाही. असेना का. अमावास्या काय, दर महिन्याला येते.
भारा मात्र तिनं नेलाच.

मार्गशीर्ष वद्य १३
सुभद्रानं पंचांग नाकासमोर धरलं. सोळा बहमन म्हणजे अमावास्या. म्हणजे येळवस. तरी मी शांत होतो. शहादेवला विचारलं, त्या दिवशी तळ्याकाठी किती माणसं असतील?
तो हसायलाच लागला. "समदं गाव की. पावनेरावळे येगळे."
म्हटलं, पण गुपचूप ना?
"वरडल्याबिगर येळवस व्हती व्हय?"
पळत दगडाबाईकडे गेलो. हात जोडले. बाई, एवढा एक दिवस पुढे ढकल. म्हणाली, "आमुशा मी धरून ठिवू?" सकाळीच साहेबांकडे माणूस धाडला होता, तो आताच वाटेतून परतला. साहेब अगोदरच निघालेत. आता सुपाऱ्याच.

मार्गशीर्ष अमावास्या
काल मुक्कामाला आलेले साहेब उठेपर्यंत उन्हं चढली. तळं बदकांनी भरलेलं. साहेब पाणकणसात बसले, म्हणाले, "वाह दारोगा!" बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात दगडाबाईनं आंबिलीचा पहिला शिंतोडा पिकावर टाकला आणि येळवशीची आरोळी ठोकली — "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" चारी काठांवरून तसाच ओरडा उठला. अख्खं तळं आभाळात गेलं. खाली उरली एक पाणकोंबडी, तीही लंगडी.
साहेबांचं तोंड लाल. इतक्यात दगडाबाई पत्रावळ घेऊन सरळ साहेबांपुढे. "येळवशीला श्यातात आल्यालं मानूस उपाशी जात न्हाई. ती बंदूक ठिवा. हात धुवा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरत म्हटलं, खाने को बुला रही है, हुजूर. नकार द्यायची रीत नाही.
बसले. भज्जी — म्हणजे ओल्या शेंगादाण्यांचं नि पालेभाज्यांचं कालवण — बाजरीचे वाफवलेले उंडे, वर तूप, वर आंबील. भज्जी तीनदा मागितली. उठतात तोच भिवराबाई आडवी. "तिच्या खोपीत जेवलं, माझी खोप वंगाळ हाय का?" मग तिसरी खोप. मग चौथी. पाहुणे चौथ्या खोपीत आडवे झाले, साहेब पाचव्या. बंदुकांवर कुणीतरी ओलं धोतर वाळत घातलं.
दिवस कलला तशी बदकं परत उतरली. साहेब कुशीवर पडल्या पडल्या बघत राहिले. फार वेळ. शेवटी एक ढेकर दिली. दोघांनी धरून घोड्यावर बसवलं. माझ्या नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. भीती वाटते.

पौष शुद्ध ४
निरोप नाही. सुभद्रानं आडकित्ता घासून ठेवलाय.

पौष शुद्ध ९
स्वार आला! साहेबांचं म्हणणं — पुढच्या साली पुन्हा येळवशीला येणार. बदकं इतकीच हवीत, जेवताना बघायला. बंदुका आणणार नाहीत. हातात बंदूक असली की जेवता येत नाही. मात्र दगडाबाईची भज्जी पाहिजेच, नाहीतर दारोगी गेली.
गेलो. हरभऱ्याचे शेंडे खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "यिऊ द्या की. पर पानी दोन हात खाली."
मोरीचं कुलूप आज मीच काढलं.